किल्ली पोरांकडे द्या

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात वनराई बंधारा बांधतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि गोण्या ओढ्यात आडव्या रचायच्या. पन्नास पोरापोरींनी मनावर घेतलं तर एक-दोन दिवसांत बंधारा उभा राहतो. खर्च जवळपास नाही, आणि पाणी अडलं तर आसपासच्या विहिरी आणखी काही आठवडे तग धरतात. काम चोख आहे. फक्त ते करायचं असतं पाऊस उघडता उघडता, ओढा वाहता असताना. आपल्या बहुतेक महाविद्यालयांची शिबिरं भरतात डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा सत्र परीक्षा संपलेली असते. तोवर माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी ओढ्यांत गोटे उघडे पडलेले असतात. पोरं थंडीत पहाटे उठून, हाताला फोड येईतो गोण्या वाहतात. उद्घाटनाला पाहुणे येतात. अडवायला पाणी मात्र नसतं.

यावरून कुणी पोरांना नावं ठेवली तर माझं त्याच्याशी भांडण आहे. तारीख त्यांनी ठरवली नव्हती. शिबिराच्याच गावातून रोज एसटीनं कॉलेजला येणाऱ्या मुलीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ‘सर, दसऱ्याच्या सुमारास चला, नंतर काही राहत नाही.’ तिला विचारलं नाही. तिच्याकडून गोण्या उचलून घेतल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आज सरळ मांडणार आहे. आपण तरुणांचे हात मागतो, डोकं मागत नाही. काम काय, कधी, कुठे आणि झालं की नाही हे कसं मोजायचं, हे सगळं मोठ्यांकडे. पोरांकडे फावडं आणि टोपी.

सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. कल्पना फार मोलाची होती आणि आजही आहे. खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांना माइकसमोर उभं राहायला, अनोळखी घराचं दार वाजवायला, शंभर माणसांचा स्वयंपाक करायला या योजनेनं शिकवलं. पण तिचा हिशेब तासांचा आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. तास डायरीत भरले की प्रमाणपत्र. दत्तक गावातल्या विहिरीची पातळी कुणी विचारत नाही, आणि त्या गावातली किती मुलं यंदा वाचायला लागली, हा रकाना त्या डायरीत नाही.

आता हा प्रश्न आणखी मोठा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात समाजसहभाग प्रकल्प आला आणि त्याला श्रेयांक मिळू लागले. म्हणजे ज्यांनी कधी सेवा योजनेचं नाव घेतलं नसतं तेही आता वस्तीत, गावात, शाळेत जाणार. जाऊ देत, मला आनंद आहे. पण एवढी मोठी फौज पुन्हा सर्वेक्षणाचे तेच अर्ज भरून, अहवालाला स्पायरल बायंडिंग करून घरी परतणार असेल, तर तिच्या आयुष्यातले ते दिवस आपण वाया घालवले असं मी म्हणेन.

पोरांना जमेल का, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुंबईचा इतिहास वाचावा. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. पुढच्याच वर्षी या मंडळानं मुंबईत मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा उघडल्या. स्वतःचं काम सांभाळून, सकाळच्या वेळात, पैसे न घेता हे तरुण शिकवत. त्यांत दादाभाई नौरोजी होते, विशीच्या पूर्वार्धातले. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांनी अशा एका शाळेला आपल्या आवारात जागा दिली. नानांचं मोठेपण मला इथं दिसतं. मुलींना शिकवायचं हे शहराच्या रोषाला आमंत्रण होतं, आणि एवढ्या मोठ्या शेठजींनी पोरांना ‘थांबा, समिती नेमू’ असं न सांगता जागा दिली. पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या आणि जोतीराव वीस-एकवीसचे. आज सतरा वर्षांच्या मुलीकडे आपण शाळेच्या खोलीची किल्लीसुद्धा देत नाही.

किल्लीचं मी उगाच म्हणत नाही. संध्याकाळी गावातल्या लहान पोरांना वाचायला शिकवायचं म्हटलं की पहिली अडचण तीच. खोली रिकामी, दिवा आहे, फळा आहे, आणि दाराला कुलूप. मुख्याध्यापक म्हणतात केंद्रप्रमुखांना विचारा, केंद्रप्रमुख म्हणतात अर्ज करा. पोरं शेवटी देवळाच्या ओसरीवर बसतात.

आणि कामाची गरज किती आहे पाहा. मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभर मुलांपैकी साधारण सत्तावीस मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. उरलेली त्र्याहत्तर वर्गात बसतात, माना डोलावतात आणि वर्षागणिक मागं पडतात. ही पाहणीसुद्धा २००५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांतले तरुण स्वयंसेवकच करत आलेत. घरोघर जाऊन, मुलाला शेजारी बसवून, आधी उतारा, मग गोष्ट किंवा शब्द, मग अक्षरं. एका मुलाला काही मिनिटं लागतात. चाचणीचं साधन मराठीत आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पोरांना मोजता येतं, याचा एवढा मोठा पुरावा आपल्या हाताशी आहे.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याची हकीकत तर प्रत्येक सरपंचानं आणि प्राचार्यानं वाचावी अशी आहे. ‘प्रथम’ संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासह काही अर्थतज्ज्ञांनी तिथं २८० गावांत एक प्रयोग केला. काही गावांत सभा घेऊन लोकांना ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. समितीची अवस्था अशी होती की तिच्या काही सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. काही गावांत मुलांची वाचनचाचणी कशी घ्यायची हेही लोकांना शिकवलं. आणि ६५ गावांत याच्या पुढं जाऊन गावातल्याच तरुणांना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवायला सांगितलं. मानधन नाही.

सभांनी काही बदललं नाही. समित्या जागच्या हलल्या नाहीत. पण पोरं उभी राहिली. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी बहुतेक गावांत वर्ग सुरू केले, दोन-तीन महिने रोज दोनेक तास शिकवलं, आणि जी मुलं त्या वर्गात आली त्यांचं वाचन ठळक सुधारलं. ज्येष्ठांच्या समितीला जे जमलं नाही ते चार दिवस शिकलेल्या पोरांनी करून दाखवलं.

त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती अजून जास्त शिकवते. या वर्गांना आली ती गावातली जेमतेम ८ टक्के मुलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यातलीही थोडीच. शाळेबाहेर, संध्याकाळी, घरकाम आणि गुरं सांभाळून ज्यांना येता आलं ती आली. पोरांची मेहनत कमी पडली नाही, दार अरुंद होतं. आणि ते दार मोठ्यांच्या ताब्यात आहे.

दार उघडलं की काय होतं तेही आपल्याकडेच घडलेलं आहे. मुंबईच्या पालिका शाळांत ‘प्रथम’नं बालसखी ठेवल्या. वस्तीतलीच, शाळा संपवलेली मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं ती शाळेच्या वेळात, रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात याची काटेकोर तपासणी झाली आणि गुण खरोखर वाढलेले दिसले, सगळ्यात जास्त मागे असलेल्या मुलांचे. या मुली फुकट राबत नव्हत्या. महिना ५०० ते ७५० रुपये त्यांना मिळत. रक्कम फार थोडी होती, पण ती होती.

पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे सेवेचा भाव कमी होतो असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी विचारते, ज्या मुलीला कॉलेज सुटल्यावर मेसचे डबे पोचवून फी भरायची आहे, तिनं तास कुठून आणायचे? फुकटाची सेवा परवडते ती घरचं बरं असलेल्यांना. मग वस्तीतल्या मुलांना शिकवायला वस्तीबाहेरची मुलं येतात, दोन महिने येतात, परीक्षा आली की थांबतात. वस्तीतली मुलगी तिथंच राहते, तिला कुठलं मूल का गैरहजर आहे ते माहीत असतं. तिला प्रवासखर्च आणि मानधन द्या. ग्रामपंचायतीकडे, पालिकेकडे, कंपन्यांच्या सामाजिक निधीत टोप्या, टी-शर्ट आणि मंडपासाठी पैसे निघतात, ते इकडे वळवा.

पर्यावरणाचं काम आणि शिक्षणाचं काम आपण दोन खात्यांत टाकतो. पुण्यानं ती भिंत कधीच पाडली आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. मुलं दिवसभर कचरापेट्यांवर, मग या त्यांच्याबरोबर फिरल्या. हात घालून पाहिल्यावर कळलं की घराघरातून ओला-सुका वेगळा मिळाला तर कचरा वेचणाऱ्या बायकांची कमाई वाढेल, पेटीत वाकायचं वाचेल आणि लेकरं शाळेत बसू शकतील. अक्षरओळखीचा वर्ग घ्यायला गेलेल्या बाया शहराच्या कचऱ्याचं गणित घेऊन परत आल्या. त्यातून १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढं पुणे महापालिकेशी करार करून काम करणारी ‘स्वच्छ’ सहकारी संस्था. त्या कार्यकर्त्यांना कुणी आधीच ‘साक्षरतेचं उद्दिष्ट इतकं, बाकीचं तुमचं काम नाही’ असं बजावलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं. त्यांना रस्ता बदलायची मुभा होती. विद्यापीठांनी आज आपल्या विद्यार्थ्यांना द्यावी अशी मोठ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावर पाहा. मल्हार कळंबे या कॉलेजातल्या मुलानं २०१७ मध्ये दादर चौपाटीवर मित्रांना घेऊन सफाई सुरू केली. ‘बीच प्लीज’ या नावानं ती वाढली, मिठी नदीपर्यंत गेली, आणि २०२४ मध्ये दिल्लीत त्याचा राष्ट्रीय पुरस्कारानं गौरव झाला. दर आठवड्याला पोरं येतात, दर आठवड्याला समुद्र तेवढंच परत टाकतो. ज्यांनी असा कचरा हातानं वेचला आहे त्यांना तो कुठल्या नाल्यातून येतो, कुठली वेष्टनं जास्त आहेत हे चांगलं कळतं. घरातच कचरा वेगळा करणं २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केलं, प्लॅस्टिक बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर ते गोळा करण्याची जबाबदारी टाकली, आणि २०१८ मध्ये राज्यानं प्लॅस्टिकबंदी आणली. म्हणजे पोरं जे उचलतात त्यातलं पुष्कळ तिथं यायलाच नको होतं. त्यांचे आभार मानून थांबणारा वॉर्ड अधिकारी मला मान्य नाही. त्यानं त्यांना महिन्यातून एकदा टेबलासमोर बसवावं, त्यांची नोंदवही वाचावी आणि कुठल्या नाल्यावर जाळी बसणार त्याची तारीख द्यावी.

महाविद्यालयांनी काय करावं, तर आधी तारखा सोडाव्यात. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेनं २०१६ पासून उन्हाळ्याचे पंचेचाळीस दिवस धरले, कारण चर खणायचे ते पावसाआधी. तिथं वेळापत्रक पावसानं ठरवलं, आणि त्या उन्हात शहरातली तरुण मुलं बसनं गावात जाऊन खणून आली. तरुण उन्हाला भीत नाहीत, निरर्थक कामाला कंटाळतात. रोपं लावायची तर जूनमध्ये लावा, पण मार्च ते मे पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी लिहा, आणि त्या काळात परीक्षा असेल तर त्या गावातल्या शाळेच्या पोरांना आणि बचतगटाला सोबत घ्या. दत्तक गाव तीन वर्षांनी बदलू नका. नवी तुकडी आली की जुन्या तुकडीनं तिला गावात नेऊन घरं दाखवावीत.

आणि निर्णयाचा हक्क द्या. महाराष्ट्रात एकवीस वर्षांची मुलगी निवडून येऊन सरपंच होऊ शकते, गावाच्या पैशावर सही करू शकते. तिच्याच वयाची, तिच्याच वर्गात शिकलेली मुलगी कॉलेजच्या सल्लागार समितीत बसून निर्णय घेऊ लागली तर काय बिघडणार आहे? चुकेल. मोठेही चुकले आहेत, डिसेंबरातल्या गोण्या ही त्यांचीच चूक.

२४ सप्टेंबरला दर वर्षी सेवा योजनेचा स्थापनादिन होतो. यंदा त्या दिवशी व्याख्यान ठेवू नका. त्या सभागृहात व्यासपीठावर स्वयंसेवक बसू देत. वर्षभर कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, काय करणार आणि शेवटी काय मोजणार हे त्यांनी फळ्यावर मांडावं. प्राचार्य, सरपंच, मुख्याध्यापक आणि वॉर्ड अधिकारी समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकतील, प्रश्न विचारतील, आणि उठण्याआधी खोली, पैसे आणि तारीख यांवर सही करतील.