सन्मानाचा भाव

बीडच्या शेतकऱ्याचा सन्मान आता मोजता येतो, ही मोठीच सोय झाली. सन्मान निधी म्हणून 2019 पासून केंद्राचे वर्षाला 6,000, 2023 पासून राज्याचे आणखी 6,000. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाकाठी 32 रुपये 88 पैसे. (88 पैसे विसरू नयेत.)

2024 पासूनचा लाडकी बहीण योजनेचा हिशेब तर त्याहून सुबक. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याला सन्मानाचे महिना 1,000 आणि तिला लाडाचे 1,500. सातबारा तिच्याच नावावर असेल, तर सन्मानाचे 1,000 पदरात पडलेच आहेत म्हणून लाड 500 चा. बाईच्या नावे जमीन करा, असे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत सांगत फिरलेल्या शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना महिना हजाराचा हा खड्डा दिसला नसावा. सुज्ञ बहिणींनी सातबाऱ्यावरून आपले नाव त्वरित कमी करून घ्यावे, ही नम्र सूचना.

ई-केवायसी होईना, अंगठा उमटेना म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडे पाहावे. थेट लाभ हस्तांतर तो बीडमध्ये वर्षानुवर्षे चालवतो: हंगामाआधी, दारात, रोख. त्याला उचल म्हणतात. ना ओटीपी, ना हप्ते. पात्रता एकच, कोयत्याला नवरा-बायको दोघेही हवेत. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे त्याने कधीच विचारले नाही.