चांदीसाठी डांगीचा की गिरचा?

"काय गं, तुमची चांदी काल रात्रभर हंबरत होती. माजावर आली होती ना?"

"आली होती हो काकू. आज उतरलीसुद्धा. आता 21 दिवस गप्प बसायचं."

"का बरं? डॉक्टर मिळाले नाहीत?"

"बोलावलंच नाही. घरात एकमत होईना. भाऊजी म्हणतात एचएफच्या वीर्याची कांडी भरू, तीही ती महागातली, जिच्यातनं शंभरात नव्वद कालवडी होतात. हे म्हणतात गिरची. आणि सासूबाई हटूनच बसल्यात की वाडीवरच्या कोळ्यांचा डांगी वळूच दाखवायचा. त्या भांडणात गाय तशीच राहिली."

काकूंनी हातातला विळा कुंपणाच्या तारेला अडकवला. विळा तारेला अडकला की निदान अर्ध्या तासाची निश्चिंती. काका पशुसंवर्धन खात्यातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, पण आसपासच्या गाईंच्या सात पिढ्या पाठ आहेत त्या काकूंना. कुणाची गाय कुणाच्या गाईची लेक, कोण कितव्या वेताची, कुणाची दोनदा उलटली, सगळं.

"तुझ्या सासूबाई उगाच नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "खालच्या आळीत काय झालं विसरलीस? निफाडला मेहुण्याकडं गेले, तिथल्या एचएफच्या गाई पाहून आले आणि कर्ज काढून दोन घेऊन आले. अगं, निफाडात द्राक्षं होतात, इगतपुरीत भात होतो, एवढ्यावरनं तरी कळावं! तिकडं मका आहे, मुरघास आहे, कोरडा गोठा आहे. आपल्याकडं पावसाळ्यात 3000 मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर गोठ्यातली जमीन वाळत नाही. पहिल्या पावसाळ्यात खुरं सडली, दुसऱ्यात कास सुजली. मग गोचीडताप. संकरित गाईला तो लागला की आडवीच करतो. दूध डेअरीला कमी आणि पैसा मेडिकलला जास्त."

"पण काकू, दूध तर एचएफच देते ना? डांगीचं काय, वासराला पुरलं तरी पुष्कळ."

"ते खरंय, त्यात लपवायचं काय? डांगी वेताला सरासरी 430 लिटरच्या आसपास देते. म्हणजे दिवसाला दीड-दोन लिटर. आपल्या चहाचं आणि ताकाचं भागतं. डांगी काही दुधासाठी जोपासलीच नव्हती. भर पावसात उभ्या असलेल्या डांगीच्या पाठीवरनं हात फिरवून बघ एकदा. तळहात तेलकट होतो. कातडीलाच तेल सुटतं तिच्या, पाणी अंगात मुरत नाही, घरंगळून जातं. आणि खुरं काळी, टणक. चिखलणीला दिवसभर गुडघाभर चिखलात उभा केला तरी बैलाचा खूर नरम पडत नाही. इकडं इगतपुरी, पेठ, सुरगाणा, तिकडं अकोले, खाली जव्हार-मोखाडा आणि गुजरातचं डांग. एवढ्याच धो धो पावसाच्या पट्ट्यातली ही जात. घाटमाथा सोडून देशावर गेलं की हिला कुणी ओळखत नाही."

"आता चिखलणी पॉवर टिलरनं होते."

"होते ना. सपाटीला होते. आमच्या वरच्या खाचरांत चढव की तुझा टिलर, बघू! दोन बांधांच्या मधे वळायला जागा नाही तिथं." काकू जरा खाली वाकून म्हणाल्या, "आणि मला सांग, गोऱ्हा झाला तर?"

खरं तर आमच्या घरात कुणी बोललंच नव्हतं ते हेच. तिघंही कालवड होणार असं धरूनच भांडत होते.

"एचएफच्या गोऱ्ह्याचं काय करतेस? त्याला वशिंड नाही, म्हणजे जू टेकायला जागा नाही. ऊन सोसत नाही. परदेशात अशा गोऱ्ह्याला मांसाचा भाव असतो, तिथं कोणत्या जातीचा वळू वापरला तर वासरू किती वजनाचं निघेल, यावर शेतकरी डोकं लावतात. आपल्याकडं गाय 1976 च्या कायद्यानं कापता येत नाही, आणि मार्च 2015 पासून बैल आणि गोऱ्हापण नाही. कायदा बरा की वाईट यात मी पडत नाही, पण त्या गोऱ्ह्याला चारा कोण घालणार, ते कायद्यात कुठं लिहिलंय? मग रात्री टेम्पोत घालून हायवेला सोडून येतात. नावं घेत नाही, पण तुझ्या ओसरीवरनं दिसतात ती घरं."

नावं घेत नाही म्हणून त्यांनी दोन घरांकडं हनुवटीनं दाखवलंच.

"डांगीचा गोऱ्हा असला तर घोटीच्या बाजारात उभा करता येतो. भाव कमी-जास्त होईल, पण कुणी ना कुणी दावं धरतं. आणि बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून तर पोरं गोऱ्ह्यांकडं बघायला लागलीत. अर्थात त्यांना खिल्लार पाहिजे, डांगीला कोण विचारतंय! डांगी शर्यतीत नाही, चिखलात धावते."

"आमचे हे म्हणतात, डांगी म्हणजे मागं जाणं. संकर करायचा तर चांगल्या जातीशी करावा."

"हो का? त्यांना म्हणावं, टेक्सासला जाऊन बघा." काकूंचा भाचा तिकडं असतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे, काकूंनी माहीत करून दिलंय. "त्यानं मला फोटो पाठवला होता. मोठाल्या राखाडी गाई, वशिंडवाल्या, लांब कानांच्या. म्हणतो, मावशी, ही इथली ब्राह्मण जात. मी म्हटलं, बाबा, ही तर आपल्याकडचीच दिसते! आमच्या यांनी पुस्तक काढून दाखवलं. आपली गिर, कांकरेज, तिकडची ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, या चौघींतनं ती ब्राह्मण उभी केलीय. 1854 ते 1926 मधे तिकडं सुमारे 266 वळू आणि फक्त 22 गाई गेल्या. कशाला? तर गोरे लोक घेऊन गेलेली विलायती गुरं तिथल्या उन्हानं आणि गोचिडांनी हैराण व्हायची. आपल्याकडची वशिंडं मिसळल्यावर टिकायला लागली. त्यांना मांस हवं होतं, ते मिळालं."

"266 वळू आणि 22 गाई?"

"हां, तेच लक्षात घे. गाई नाहीच गेल्या म्हणायच्या. तिथल्याच गाईंना आपला वळू, मग तिच्या लेकीला परत आपलाच वळू, नातीला परत. पहिल्या वेळी निम्मं रक्त, मग पाऊण, मग 87 टक्के. चार-पाच पिढ्यांत गुरं दिसायलासुद्धा आपली झाली. आणि ती कृष्णाकाठची गाय, ती तर मुळातच सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात अशीच घडवलेली. काळ्या रानातला जड नांगर ओढायला भारी बैल हवा होता, म्हणून गिर, ओंगोल, कांकरेज आणि तिकडचं गावरान असं मिसळून. तिचं रक्त टेक्सासपर्यंत गेलं आणि कृष्णाकाठी आज ती शोधावी लागते. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम संपलं, जात गेली. डांगीचं तसं व्हायला नको म्हणून मी बडबडते."

"सरकारनं आता राज्यमाता केलीय की देशी गाईला."

"केलीय ना, सप्टेंबर 2024 मधे. त्या कागदावर उत्तर महाराष्ट्राची म्हणून डांगीचं नाव आहे बरं का. गाईमागं रोजचे 50 रुपयेही आहेत. गोशाळेतल्या. तू आणि मी शेण काढतो त्या गाईमागं नाहीत."

मी आमच्या राणीचं विचारलं. ती एचएफची संकरित, भाऊजींची लाडकी, फॅट कायम साडेतीनला रडणारी.

"राणीला गिर भरा की! तिथं तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. ती दुधाची गाय आहे, तिला डांगी दाखवलीस तर दूध एकदम खाली येईल आणि भाऊजी जेवणार नाहीत. गिरनं थोडं दूध राखून काटकपणा येईल. राहुरीच्या विद्यापीठानं फुले त्रिवेणी काढली ना, त्यात तेच. निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गिर. पण चांदी वेगळी. तिच्यात मुळात आहे काय, ते आधी बघावं. कुठनं घेतलीत ती?"

"वाडीवरनंच. चार वर्षं झाली, तेव्हा कालवड होती."

काकू तारेपलीकडनं चांदीकडं बघत राहिल्या. पांढरी गाय, कुशीवर आणि मानेवर काळे ठिपके शिंतोडल्यासारखे. कातडी सैल, पोळी लोंबती.

"आणि सासूबाई कुठल्या वळूचं म्हणतायत? कोळ्यांच्या त्या थोरल्या?"

"हो, तोच. शांत आहे म्हणतात."

"अगं बाई! सात-आठ वर्षं तोच फिरतोय वाडीवर. चांदी तिथलीच. ते ठिपके तिला कुठनं आले असं वाटतं तुला?"

मला जरा वेळ लागला कळायला.

"बापच की गं तो तिचा! लग्नाला गोत्र बघता, आणि गाईला बापच दाखवायला निघालात!" काकूंनी दोन्ही हात तारेवर टेकले. हसता हसता एकदम गंभीर झाल्या. "रक्त जवळचं झालं की वासरू लहान होतं, गाई उशिरा गाभण राहतात. वाडीवर बघ, तीन-तीन वर्षांनी विणाऱ्या गाई किती आहेत. लोक म्हणतात, डांगी अशीच असते. अशी नसते, वळू बदलत नाहीत. दर तीन वर्षांनी बदलायला पाहिजे तो. शिवाय दारोदार फिरणाऱ्या वळूनं गर्भपाताचा रोगही एका गोठ्यातनं दुसऱ्या गोठ्यात जातो, तो वेगळाच."

"मग आता?"

"डांगीचीच कांडी घे. दुसऱ्या वळूची. निघतात डांगीच्या कांड्या, फक्त कुणी मागत नाही म्हणून डॉक्टरच्या नायट्रोजनच्या भांड्यात एचएफ आणि जर्सीच असतात. 21 दिवस आहेत ना हातात? आजच सांगून ठेव, मागवतील. वळूचा नंबर वहीत लिहून घे, म्हणजे पुढं चांदीच्या लेकीला तोच नको. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भर, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कोमट पाण्यात कांडी अर्धा मिनिट ठेवतात का, तेवढं उभी राहून बघ. घाईत असले की खिशातच गरम करतात काही जण."

"म्हणजे सासूबाईंना डांगी मिळाली आणि भाऊजींना कांडी."

"आणि नवऱ्याला राणीसाठी गिर. तिघंही म्हणतील आमचंच झालं. फक्त एक, त्या वळूचं सासूबाईंना तू सांगू नकोस. बिदागीचं आधीच बोलून बसल्या असतील कोळणीशी. संध्याकाळी दळण घेऊन येते मी, तेव्हा सहज काढते विषय."

त्यांनी तारेवरचा विळा काढला आणि घासाच्या वाफ्याकडं वळल्या. चार पावलं गेल्यावर परत फिरून ओरडल्या, "आणि वाडीवरच्यांना विचारून घे, चांदीची आई कोणती! ठिपक्यांवरनं मी सांगितलं, पण आईकडनंही डांगीच निघाली, तर मग तिला कायम डांगीच दाखवायची हं, दुसरं काही नाही!"