मामाचं जुरासिक पार्क

मला ताडोबात वाघ दिसत नाही. सकाळच्या फेरीला दिसत नाही, दुपारच्याही नाही. मी गेटबाहेर पडलो की मागच्या जिप्सीतल्या पुणेकरांना मात्र तो बछड्यांसकट दिसतो. चंद्रपुरात जन्म काढून वाघ न पाहिलेला माणूस, अशी नातेवाइकांत माझी ख्याती आहे.

अशात दिवाळीला भाचा आला, तोही सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओतलं जुरासिक पार्क पाहून. त्या गोल बोटी, अंगावर येणारं पाणी, डरकाळी फोडणारा टी-रेक्स, सगळं त्यानं चकल्या संपेपर्यंत सांगितलं. माझ्यातला जिल्हाभिमानी खडबडून उठला.

"ते सगळं रबराचं रे. खरे डायनासोर आमच्याकडे आहेत. चल, दाखवतो."

बोलून गेलो, पण त्यामागे विचार होता. जे जनावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलं, ते निदान मी पोचायच्या पाच मिनिटं आधी झुडपात शिरणार नाही.

वरोरा तालुक्यातलं पिजदुरा (शास्त्रज्ञांच्या कागदांत पिसदुरा) गाठलं. समोर पऱ्हाटी, पलीकडे तूर, मधे धुरा. भाच्यानं विचारलं, "मामा, एन्ट्री कुठून?" मी म्हणालो, "सगळीकडून." हे उत्तर मला अजूनही आवडतं.

डायनासोर इथेही माझ्या आधीच निघून गेले होते. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच, एकोणिसाव्या शतकातच इथली हाडं वेचून गेले. जवळच्या डोंगरगावात निघालेला लांब मानेचा अवाढव्य प्राणी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये पोचला, आणि 2003 साली त्याला नाव मिळालं तेही त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून: इसीसॉरस. जन्म वरोरा तालुक्यातला, आडनाव बंगालचं. डोंगरगावकरांनी यावर मोर्चा काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

भाचा कंटाळू लागला, तेव्हा मी माझं ज्ञान बाहेर काढलं. हाडाचा जीवाश्म आणि साधा दगड यांतला फरक भूशास्त्राचे लोक कधीकधी जिभेनं ओळखतात. हाडाला बारीक छिद्रं असतात, म्हणून ते ओल्या जिभेला चिकटतं. हे खरं आहे, मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे चाटू नये, ते मात्र वाचलं नव्हतं. धुऱ्यावर उकिडवा बसून मी एकेक गोटा पुसायचा, चाटायचा आणि जाणकारासारखी मान हलवून बाजूला ठेवायचा, असं सुरू केलं.

वावराचा मालक कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

"काय हरपलं जी?"

"डायनासोर बघतोय."

"लय लोकं येतात गोटे वेचाले," तो म्हणाला. "पण चाटणारा तुमीच पयले पायला."

इतक्यात एक करडा, लांबुळका गोटा जिभेला धरल्यासारखा वाटला. मी आनंदानं ओरडलो. भाचा तोवर मोबाइलवर पिजदुऱ्याची माहिती वाचत होता. त्यानं गोट्याकडे पाहिलं, माझ्या जिभेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "मामा, हे गाव जगात फेमस आहे ते डायनासोरच्या शेणासाठी."

मुलगा खोटं बोलत नव्हता. दगड झालेली ती विष्ठा पिजदुऱ्यात मुबलक सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण निघाले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, अशी बहुतेकांची समजूत होती. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन छापून आलं आणि वरोरा तालुक्यातल्या शेणानं पाठ्यपुस्तकं बदलली. मी चाटलेला गोटा नेमका कशाचा होता, याची चौकशी मी आजवर केलेली नाही. बायकोनं माझा चहाचा कप मात्र त्याच संध्याकाळी वेगळा केला.

"शिवाय मामा, हे जुरासिक नाहीच," भाच्यानं परतीच्या वाटेवर मीठ चोळलं. "हे क्रिटेशस." मग मीही ऐकवलं, की 1993 च्या सिनेमातले टी-रेक्स आणि रॅप्टरसुद्धा क्रिटेशसचेच, पाटी तेवढी जुरासिकची. अस्सल जुरासिक हवं तर गडचिरोलीत चल.

चंद्रपूरहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्लीपर्यंत सागाची उंच झाडं बघत माणूस मजेत जातो, पुढे रस्ता त्याला स्वतःची हाडं मोजायला लावतो. सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म पार्कात पोचलो तेव्हा कंबर गेली होती. समोर एक ऐसपैस दगड दिसला, त्यावर टेकलो.

"साहेब, उठा," तिथला माणूस म्हणाला. "झाड आहे ते."

खरंच झाड होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आडवं झालेलं, सालीच्या रेघांसकट दगड बनलेलं खोड. त्याला आजवर कुठल्या प्राण्यानं त्रास दिला नसेल तेवढा मी दिला.

सिरोंचा तालुक्यातच प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. जुरासिक काळातल्या ज्या खडकांत मासे आणि डायनासोर सापडले, त्यांना भूशास्त्रात कोटा हेच नाव आहे. त्यावरूनच एका डायनासोरचं नाव कोटासॉरस पडलं. तो निघाला नदीपलीकडे तेलंगणात, 1988 साली त्याचं बारसं झालं आणि उभा आहे हैदराबादच्या बिर्ला सायन्स म्युझियममध्ये. भाचा म्हणाला, "म्हणजे आपण हैदराबादला जायला हवं होतं." ताडोबातल्या गाइडनंही मला इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा सांगाडे पाहायचे असतील तर हैदराबाद किंवा कोलकाता गाठा. त्या काळातली माती पाहायची असेल, तर पिजदुऱ्याला आणि वडधमला जरूर या. पऱ्हाटी तुडवू नका, वावराच्या मालकाला विचारून आत जा, आणि गोटा खिशात घालून घरी नेऊ नका; जागेवरून हलला की तो अभ्यासकांच्या फारसा कामाचा राहत नाही. चाटू तर मुळीच नका.