‘आमच्याकडे साप नाहीत’ म्हणणाऱ्या मॅनेजरसाहेबांना

आदरणीय मॅनेजरसाहेब,



‘आपला मुक्काम कसा झाला? पाच तारे देऊन कळवा,’ हा आपल्या रिसॉर्टचा मेसेज मिळाला. भाऊजींचा व्हेंटिलेटर निघाला आहे, त्यामुळे सविस्तर कळवायला आता सवड आहे.

पावसाळ्यात बोर व्याघ्र प्रकल्पाची सफारी बंद, म्हणून आपण ‘मान्सून पॅकेज’ काढलंत. मातीच्या भिंती, कौलं, दाराशी कमरेएवढं गवत. निसर्ग अगदी गादीपर्यंत आणून दिलात. गादी म्हणजे आपला ‘एक्स्ट्रा बेड’. त्याचे दीड हजार वेगळे घेतलेत आणि ती फरशीवर अंथरून दिलीत. मच्छरदाणी मागितली तर ‘रूमचा लूक जातो सर’. चहा गार होता आणि गरम पाणी येता येता राहिलं, पण ते सोडा.

मध्यरात्रीनंतर भाऊजी पोट धरून उठले. आपण तत्परतेने ईनो दिलंत, मग ओवा, मग ‘सावजी रस्सा बाधला असेल’ हे निदान. त्यांची जीभ जड झाली, पापण्या आपोआप मिटू लागल्या, तेव्हा म्हणालात, ‘झोप येतेय, पडू द्या.’ मी विचारलं, साप तर नसेल? त्यावर आपण ताठ उभे राहिलात आणि म्हणालात, ‘सर, आमच्याकडे साप नाहीत.’

व्याघ्र प्रकल्पाला लागून रिसॉर्ट. माहितीपत्रकात वाघ, बिबट्या, अस्वल, सगळ्यांचे फोटो. फक्त सापांनी आपल्या कुंपणाशी येऊन बोर्ड वाचला आणि माघारी गेले!

मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण बरेचदा शोधूनही सापडत नाही. मग पोटात कळ येते, पापण्या पडतात, शेवटी श्वास थांबतो. तिचं विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा भिडलं की प्रतिविष ते सोडवू शकत नाही; म्हणून घाई. हे आम्हाला पहाटे डॉक्टरांनी सांगितलं. आपल्या वॉचमनकाकांना ते आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी भाऊजींच्या तोंडावर टॉर्च धरला आणि म्हणाले, ‘पोट नोहे जी हे. डोये पाहा त्याईचे. मन्यार हाय.’ आपण त्यांच्याकडे असं पाहिलंत, जणू चावले तेच!

पुढचा तास मी विसरणार नाही. १०८ लावायला रेंज नाही. वायफाय रात्री बंद. फाटकाची किल्ली आपल्याकडे, आणि आपण नागपूरच्या मालकांना विचारल्याशिवाय ती देईनात, कारण बिल बाकी होतं. माणूस डोळ्यांदेखत निळा पडतोय आणि तुम्ही जीएसटीसह आकडा छापताय! लाज नाही वाटली? कार्ड मशीनला रेंज नव्हती, म्हणून रोख मोजून घेतलीत. मोजताना एक नोट बदलूनही मागितलीत.

साहेब, आपण वर्धा जिल्ह्यात धंदा करता. इथे एक सोडून दोन मेडिकल कॉलेजं आहेत, सेवाग्रामला आणि सावंगीला. सेवाग्रामचं तर १९६९ पासूनचं. सुशीला नायरांनी ते खेड्यातल्या माणसासाठीच काढलं. हिंगणी, सेलू, पवनार ओलांडलं की आलंच. आपल्या खोलीत मसाजचे दर टांगलेले होते. या दोन दवाखान्यांचे फोन नंबर कुठेच नव्हते.

कधी सेवाग्रामचा बापूंचा आश्रम पाहून या. तिथे साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप धरून लांब नेऊन सोडत. व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवलेल्या टेलिफोनची खोलीही तिथेच आहे. म्हणजे पंचा नेसणाऱ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत साप येतात हे मान्य होतं आणि बाहेर फोनही लागत होता. भाडं मात्र काही नव्हतं.

वॉचमनकाका गाडीत आमच्याबरोबर बसले, रस्ता दाखवायला. वाटेत त्यांनी सांगितलं की आपण आणि किचनची पोरं मागच्या गोदामात झोपता. खाली, सतरंजीवर, अख्खा पावसाळा. मच्छरदाणी तिथेही नाही. मालकांची सक्त ताकीद आहे म्हणे, पाहुण्यांसमोर सापाचं नाव काढलं तर पगार कापीन. मग मालकांचं नाव घेताना आपला आवाज का कापत होता, ते कळलं. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असा २००० ते २०१९ या वर्षांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यातली; त्यांत आपल्या गोदामात झोपतात तशी जमिनीवर झोपणारीही. यातल्या कुणी मान्सून पॅकेज घेतलेलं नव्हतं.

तेव्हा हे पत्र मालकांना दाखवा. आपल्याच्याने दाखववणार नसेल, तर मी त्यांना वेगळं पाठवतो. वॉचमनकाकांनी रात्रपाळी सोडली म्हणून त्यांचा रोज कापला असेल, तर तो आधी द्या. एक्स्ट्रा बेडचे दीड हजार परत नकोत. त्या पैशांच्या मच्छरदाण्या आणा आणि आधी गोदामात लावा. उरलेल्या खोल्यांच्या मच्छरदाण्यांचा खर्च मालकांनी करावा; लूक गेला तर जाऊ द्या.

आपला,
एक पाहुणा