एकास बहात्तरची नजाकत

प्लास्टिकचं लढाऊ विमान जोडून ते रंगवत बसणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच निदानं होतात. एक तर याचं बालपण संपलेलं नाही, नाहीतर कामधंदा सुरू झालेला नाही. दोन्ही चुकीची आहेत. हा माणूस वृत्तीने लखनवी असतो, मग जन्माने तो डोंबिवलीचा का असेना. समोरच्याला बरं वाटावं म्हणून सत्याला किंचित मुरड घालायची, पण ती इतक्या बेताने की खुद्द सत्यालाही राग येऊ नये, ही लखनौची खासियत. मिग किंवा जॅग्वारचं मॉडेल रंगवणं म्हणजे तरी दुसरं काय? खऱ्या विमानाला जो रंग असतो तोच जसाच्या तसा मॉडेलला फासला, तर मॉडेल खोटं दिसतं. खरं दिसायला हवं असेल तर ते थोडं चुकीचं रंगवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मांडायला लखनौहून सोयीचं शहर नाही.

आधी हिशेब मांडू, कारण मराठी माणसाला हिशेबाशिवाय कला पटत नाही. विमानांच्या मॉडेलचं जुनं आणि लाडकं प्रमाण एकास बहात्तर. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने 1936 मध्ये ‘पेंग्विन’ नावाची प्लास्टिकची किट्स काढली ती याच प्रमाणात, आणि एअरफिक्सचं 1953 मधलं स्पिटफायरही याच प्रमाणातलं. एक इंच म्हणजे सहा फूट, असा त्यामागचा साहेबी हिशेब. या मापात मिग-21 साधारण वीस सेंटिमीटर लांब आणि पंखांपाशी दहा सेंटिमीटर रुंद होतं. पंख, चाकं, वैमानिक, त्याच्या चेहऱ्यावरचा कर्तव्यकठोर भाव, सगळं बहात्तरपट लहान होतं. होत नाही तो फक्त रंग. त्याला बाटलीतून बाहेर पडताना आपण कुठे निघालोय याची कल्पनाच नसते. तुम्ही साध्या कागदाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका थर दिलात, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा गिलावा होईल, आणि एवढा गिलावा अंगावर घेऊन कुठलंही विमान धावपट्टी सोडायचं नाही. पत्र्यांमधल्या सांध्यांची रेघ मॉडेलवर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी दिसते. बहात्तरने गुणा: चौदा मिलिमीटर. खऱ्या वैमानिकाला अशी फट दिसली तर तो तिच्यात करंगळी घालून पाहील आणि रजेचा अर्ज देऊन घरी जाईल. पुढे अंतराचा मुद्दा येतो. मॉडेल आपण हातभरावरून पाहतो. तीस सेंटिमीटर धरले तरी ते खरं विमान जवळजवळ बावीस मीटरवरून पाहण्यासारखं झालं. मधल्या हवेने रंग फिका पडतो, म्हणून जाणकार मूळ रंगात पांढरा मिसळतात, काहीजण तर पंधरा टक्क्यांपर्यंत. आता हे शास्त्र लखनौत काटेकोर पाळायचं ठरवलं तर पंचाईत आहे. डिसेंबरातल्या धुक्यात बावीस मीटरवरचं विमानच काय, रूमी दरवाजाही दिसत नाही. तेव्हा हिवाळ्यातलं मिग सरसकट पांढरं रंगवून मोकळं व्हावं हे उत्तम.

लखनौला हे सगळं नवीन नाही. गंगेच्या मैदानात दगड नाही, संगमरवर तर नाहीच. नवाब आसफउद्दौलाने 1784 च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बडा इमामबाडा उभारायला घेतला तो पातळशा लखौरी विटांत आणि चुन्यात, आणि वरून चुन्याच्या गिलाव्याचं असं नाजूक काम केलं की पाहणाऱ्याला दगडाची उणीव भासू नये. जेम्स फर्ग्युसनसारख्या वास्तुपंडितांनी पुढे लखनौच्या या चुन्याच्या थाटाला नाकं मुरडली. प्रामाणिक दगड सोडून वीट लपवणारं फिनिश, हा त्यांच्या लेखी अपराध होता. प्रायमरवर चार थर चढवून प्लास्टिकला अॅल्युमिनियम करणाऱ्याने या पंडितांपासून लांबच राहावं. बरं, हे शहर प्रतिकृतींच्या बाबतीतही मुळीच लाजत नाही. छोट्या इमामबाड्याच्या आवारात ताजमहालाची धाकटी प्रत आहे, नवाब गाजीउद्दीन हैदरने बांधलेला शाहनजफ इमामबाडा नजफच्या दर्ग्यावरून बेतलेला आहे, आणि मुहर्रमच्या पहिल्या दिवशी बड्या इमामबाड्यातून मेणाची शाही जरीह, म्हणजे मजारीची प्रतिकृती, निघते. ती श्रद्धेची बाब आहे, तिच्या शेजारी छंदाला बसवू नये. पण दूरची भव्य वस्तू लहान करून, जीव ओतून, हाताच्या अंतरावर आणायची सवय या शहराच्या बोटांना आहे एवढं तरी म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकात इथले कुंभार मातीचे वीतभर भिश्ती, फकीर, शिपाई घडवून रंगवत आणि ते विलायतेपर्यंत जात. मातीची मशक ओली दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडच्या दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि बुरुजावरचा मावळा तोफ बगलेत मारू शकतो, हे एकाही लखनवी कुंभाराला सहन झालं नसतं.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: साचा कारखान्याचा, तुकडे कारखान्याचे, आकडे घालून दिलेले, यात तुमचं काय? हा आक्षेप घेणाऱ्याने गणपतीच्या आधी पेणला जाऊन यावं. एका साच्यातून निघालेल्या शंभर मूर्ती ओळीने उभ्या असतात आणि त्या शंभरही मुक्या असतात. मग आखणी करणारा कारागीर येतो, डोळे रेखतो, आणि त्यातली एक आपल्याकडे बघायला लागते. विमानाच्या बाबतीत हा चमत्कार डिकॅलपाशी घडतो. पंखावरचं तिरंगी वर्तुळ आधी एका कागदावर असतं. कडेची पारदर्शक किनार जमेल तितकी कापायची, चिमट्यात धरून कोमट पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून थांबायचं. वर्तुळ कागदावर सरकू लागलं की ओल्या कुंचल्याने ते पंखावर उतरवायचं. खालचा रंग मॅट असेल तर त्याच्या खरखरीत अंगात हवा अडकते आणि वर्तुळाखाली चंदेरी डाग उठतात, म्हणून आधी अख्ख्या विमानावर ग्लॉसचा थर दिलेला असावा लागतो. मग डिकॅल मऊ करणारं द्रावण लावायचं. लावल्याबरोबर ते असं सुरकुततं की नवशिक्याच्या तोंडचं पाणी पळतं. इथेच माणसाची परीक्षा होते. बोट लावलं तर फाटतं. हात मागे बांधून बसलं तर सुरकुत्या हळूहळू आपसूक बसतात आणि वर्तुळ रिव्हेटच्या खळग्यांपर्यंत असं चिकटतं की ते छापलेलं नसून रंगवलेलंच वाटावं. त्यानंतर सगळ्यावर मॅटचा थर. आधी चकाकी आणायची, मग ती मोडायची. इतरत्र याला एकच काम दोनदा करणं म्हणतात. लखनौच्या चिकन भरतकामातही ठशाने निळसर नक्षी छापतात, तिच्यावर टाके घालतात आणि शेवटी नक्षी धुऊन टाकतात. तिच्यासाठी आजवर कुणी शोकसभा घेतलेली नाही.

दुसरा आक्षेप बाहेरून नव्हे, मॉडेल करणाऱ्यांच्याच पंथातून येतो. या पंथाचे लोक रिव्हेट मोजतात. त्यांच्यापुढे विमान ठेवलं की ते वाहवा करत नाहीत, भिंग मागतात. त्यांचा धर्मग्रंथ म्हणजे रंगांच्या क्रमांकांची यादी: अमेरिकन फेडरल स्टँडर्डचे पाच आकडी क्रमांक, ब्रिटिश स्टँडर्डचे तीन आकडी. मीडियम सी ग्रे म्हणजे 637, यात त्यांच्याशी चर्चा होऊ शकत नाही. मी या क्रमांकांची टिंगल करणार नाही, कारण लखनौत तसं करणं मराठी माणसाला शोभत नाही. विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या वकिलाने विखुरलेल्या रागांना दहा थाटांत बसवलं, घराण्यांच्या कुलपातल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, आणि 1926 मध्ये इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं त्यामागे तेच होते. आज तिथे त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. स्वरलिपी हवीच. पण वही समोर धरून कुणाची मैफल रंगल्याचं ऐकिवात नाही. क्रमांक 637 हा कारखान्यातून निघालेल्या डब्याचा क्रमांक आहे. राजस्थानात तीन उन्हाळे उघड्यावर काढलेल्या पंखाला क्रमांक नसतो. शिवाय ज्याच्या अचूकतेसाठी एवढी भांडणं, तो मूळ रंग तरी कुठे खरं बोलतो? वरून हिरवा-तपकिरी, खालून आकाशी, म्हणजे वरून पाहणाऱ्याला वाटावं जमीन आणि खालून पाहणाऱ्याला वाटावं आकाश. कॅनडाच्या हवाई दलाने तर आपल्या एफ-18 विमानांच्या पोटावर कॉकपिटची खोटी काचेची झाकणं रंगवली, शत्रूला विमान सुलटं की उलटं ते कळू नये म्हणून. टेहळणीची काही स्पिटफायर फिक्या गुलाबी रंगाची होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातला लाल ठिपकाच काढून टाकावा लागला, कारण जपान्यांचा सूर्यही लाल आणि आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचे. आता अशा अट्टल थापाड्याच्या कपड्यांचा रंग शंभर टक्के बरोबर असावा, असा हट्ट धरणाऱ्याला काय म्हणावं?

तिसरा आक्षेप मला थोडा गंभीरपणे घ्यावासा वाटतो. संहाराची यंत्रं दिवाणखान्यात सजवायची, हे कसलं सौंदर्य? उत्तर पूर्ण देता येत नाही. 1942 मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख मॉडेल मागवली, एकास बहात्तर प्रमाणातली आणि सगळी काळी. सैनिकांना नुसत्या आकारावरून आपलं आणि परकं विमान ओळखता यावं, एवढाच त्यांचा उपयोग. युद्धाला मॉडेल लागतं ते असं, काळं. तेलाचा ओघळ, उडालेला रंग, शिडीच्या जागी बुटांनी घासलेला पत्रा, याच्याशी युद्धाला कर्तव्य नाही. ते सगळं रंगवणारा माणूस क्षेपणास्त्राकडे नव्हे, विमान पुसणाऱ्या हातांकडे बघत असतो. लखनौत हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग 1970 पासून विमानांचे सुटे भाग बनवतो: चाकांची यंत्रणा, हायड्रॉलिक्स, उपकरणं. त्यातलं मॉडेलवर दिसतं ते जेमतेम चाकाच्या पोकळीत, विमान उलटं केल्यावर. तरीही तिथल्या नळ्या सुईच्या टोकाने रंगवणारे लोक आहेत. पाहुणा विमान उलटं करून बघत नाही. न बघो.

हवामानाबद्दल मात्र लखनौची बाजू पडती आहे. मे-जूनच्या लूमध्ये एअरब्रशमधून निघालेला रंग विमानापर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि पंखावर सालीसारखा नाही, रव्यासारखा बसतो. पावसाळ्यात लॅकर ओलावा धरून दुधाळ होतं. थंडीत धुकं. ऑक्टोबर उत्तम, पण तेव्हा दिवाळीची घरसफाई चालू असते आणि घरच्यांच्या मते घरात रंगवण्यासारख्या भिंतीही आहेत. उरतो तो वसंतपंचमीनंतरचा महिना-सव्वा महिना, म्हणजे होळीपर्यंत. होळीच्या दिवशी रंगाची बाटली हातात घेऊन प्रमाणबद्धतेवर बोलू नये. धुळीचं मात्र वेगळं आहे. परदेशी माणूस वेदरिंगसाठी, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून, धुळीच्या रंगाची पूड डबीतून विकत आणतो. इथे खिडकी उघडी ठेवली की काम होतं, आणि तेही अस्सल उत्तर भारतीय छटेत.

वेदरिंगचा अतिरेक हा या पंथातला नवा रोग आहे, हे कबूल केलं पाहिजे. काही विमानं अशी मळवलेली असतात की ती हवाई दलात नसून कोळशाच्या खाणीत होती असं वाटावं. उलट टोकाला चौकाचौकांत उभी केलेली खरीखुरी विमानं: बंगल्याच्या फाटकासाठी आणलेल्या चकचकीत ऑइलपेंटने नखशिखांत रंगवलेली, चाकांसकट. ती एकास एक प्रमाणात असूनही खेळणी दिसतात, आणि वीस सेंटिमीटरचं नीट रंगवलेलं मिग पाहून कानात आवाज घुमतो. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला गेला. यापुढे मिग-21 चं दर्शन असल्याच चौथऱ्यांवर होणार, तेव्हा किटवाल्यांची जबाबदारी वाढली आहे.

म्हणून पहिलंच किट हातात घेणाऱ्यांना एवढंच सांगणं. लखनौच्या प्राणीसंग्रहालयात पंडित नेहरूंच्या वापरातलं ‘राजहंस’ विमान ठेवलेलं आहे. लढाऊ नाही, पण विमान आहे. त्याच्यापासून बावीस मीटर मागे सरका आणि रंग कसा दिसतो ते डोळ्यांत साठवा, मोबाइलमध्ये नको. मग रंगात थोडा पांढरा घाला, थर पातळ ठेवा, डिकॅलला बोट लावू नका. मळवायचं तर जरूर मळवा, पण विमान पुढे उडतं हे लक्षात ठेवून तेलाचा ओघळ पुढून मागे न्या. मागून पुढे गेलेला ओघळ लखनौमध्येसुद्धा कुणी सभ्यपणा म्हणून खपवून घेणार नाही.