बसल्या जागी सायकलप्रवास : एक खात्रीशीर पद्धत

सायकलने जग पाहायचं ठरलं की सर्वप्रथम सायकल नजरेआड करावी. सोसायटीच्या जिन्याखाली तिला जागा मिळत असेल तर उत्तम. चाकांत हवा नसावी. हवा भरलेली सायकल रविवारी सकाळी माणसाकडून अपेक्षा ठेवते, आणि अपेक्षांच्या छायेत वाचन होत नाही.

मग खुर्ची. सीटची उंची ठरवण्याचा सायकलवाल्यांचा नियम असा : पाय पायडलसकट तळाला गेला की गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हाच नियम इथे लावावा, फक्त पायडलच्या जागी स्टूल घ्यावं. हँडल म्हणून पुस्तक पुरतं. चहा उजव्या हाताला, खारे दाणे डाव्या हाताला. डोक्यावर हेल्मेट नको, पण पंखा मात्र हवा, कारण इराणचं वाळवंट बिनपंख्याने ओलांडलेले वाचक आमच्या पाहण्यात नाहीत.

आता पुस्तक निवडण्याचं तंत्र. दुकानात पुस्तक मधोमध उघडावं. त्या पानावर सरासरी वेग, गिअरचे दात किंवा लेखकाच्या हृदयाचे ठोके दिसले तर ते हळूच जागेवर ठेवून पुढे सरकावं. सायकल सुरळीत चालली असेल तर लिहिण्यासारखं काही घडतच नाही. चेन तुटते, अंमलदार अडवतो, पावसात कुणीतरी घरात घेतं, तेव्हा कुठे पान रंगतं. आमचा अनुभव असा, की ज्या पुस्तकात नायक सायकलवरून जितका जास्त वेळ खाली उतरलेला, तितकं पुस्तक चांगलं. मोटारीत बसलेल्याला कोणी थांबवून जेवायला घालत नाही. सायकलवाला मुळात अर्धा थांबलेलाच असतो.

नवशिक्याने थॉमस स्टीव्हन्सपासून सुरुवात करू नये. हा गृहस्थ 1884 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि 1886 च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. सायकल कुठली, तर पुढचं चाक 50 इंची आणि मागचं नावापुरतं, अशी त्या काळची उंच सायकल. सामानात मोजे, एक जादा शर्ट, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि रिव्हॉल्व्हर. (लोणावळ्याला एका रात्रीसाठी निघणाऱ्या कुटुंबाच्या बॅगा इथे आठवू नयेत.) अफगाणिस्तानातून हाकलला गेल्यावर तो वळसा घालून हिंदुस्थानात आला आणि लाहोरहून कोलकात्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला. एवढ्या उंचीवरून त्याला कुंपणापलीकडचंही दिसे. पण पुस्तकाचे दोन जाडजूड खंड आहेत, मनगटं दुखतात. शिवाय भेटेल त्या देशातल्या माणसांकडे व्हिक्टोरियन शिष्टपणाने पाहण्याची खोड आहे, तिथे वाचकाने ब्रेक दाबत जावं.

सुरुवातीला डर्व्हला मर्फीच बरी. आयर्लंडमधल्या लिस्मोर गावची ही मुलगी. दहाव्या वाढदिवसाला तिला सायकल आणि नकाशांचं पुस्तक अशा दोन भेटी एकदमच मिळाल्या. पालकांनी यातून घ्यायचा धडा उघड आहे : दोन्ही एकाच वर्षी देऊ नयेत. मुलीने हिशेब केला की पाय असेच फिरवत राहिलं तर आपण हिंदुस्थानात पोचू. पुढे आजारी आईच्या शुश्रूषेत वर्षंच्या वर्षं गेली, पण हिशेब ती विसरली नाही. 1963 च्या जानेवारीत ती निघाली. युरोपातल्या अत्यंत कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी तो एक. सायकल आर्मस्ट्राँग कॅडेट, तिचं नाव रॉझ, डॉन किहोतेच्या घोड्यावरून ठेवलेलं. निघण्यापूर्वी तिने रॉझचे गिअर काढून टाकले, कारण वाटेतल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत असा तिचा अंदाज. जादा टायर ठिकठिकाणी आधीच पाठवून ठेवले. खिशात पिस्तूल होतं, आणि युगोस्लाव्हियात लांडगे अंगावर आले तेव्हा ते चालवावंही लागलं. त्याच वर्षी ती दिल्लीला पोचली. ‘फुल टिल्ट’ हे पुस्तक 1965 चं.

हे पुस्तक नागपूरकरांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता उघडावं. पहिल्या प्रकरणांतल्या बर्फाने कूलरचा खर्च वाचतो. मात्र पुस्तक अफगाणिस्तानात शिरलं की आजूबाजूच्यांना सांगून ठेवावं, कारण तिथून पुढे वाचकाला हाका ऐकू येत नाहीत. बाई त्या देशाच्या प्रेमातच पडली होती, आणि ते प्रेम सांसर्गिक आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी ॲन मुस्टो मात्र जपून वाचावी. ही इंग्लंडमधली मुख्याध्यापिका. भारतात बसने फिरताना राजस्थानात खिडकीतून तिला एक एकटा सायकलस्वार दिसला, आणि तेवढ्यावरून बाईंनी नोकरी सोडली. 1987 मध्ये वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ती निघाली तेव्हा तिला पंक्चरही काढता येत नव्हतं. तरी बारा हजार मैल करून जगाला फेरी मारून आली. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या शिक्षकांनी एसटीत खिडकीची जागा टाळावी, एवढंच आम्ही सुचवू.

‘हे सगळं गोऱ्यांना परवडतं’ हा आक्षेप तोंडाशी आला असेल तर मुंबईकडे वळावं. 15 ऑक्टोबर 1923 रोजी व्यायामाचं वेड असलेले सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर निघाले. क्वेट्टा, इराण, इराक, सीरिया, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं करत 18 मार्च 1928 ला परतले तेव्हा हिशेब 71,000 किलोमीटरच्या आसपास गेला होता. परतले मात्र तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. बाकीचे वाटेत वेगवेगळ्या कारणांनी गळाले. तिघांनी मिळून 1931 मध्ये ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ लिहिलं. सहा जण घरून निघाले तेव्हा घरोघरी काय बोलणं झालं असेल, हा प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. पाचशे रुपयांच्या सहलीवरून आमच्याकडे तीन दिवस अबोला चालतो. या पोरांनी साडेचार वर्षांची परवानगी कशी काढली, यावर कोणी वेगळं पुस्तक लिहिलं तर आम्ही ते आधी घेऊ.

डच लेखक टिम क्राबे यांची ‘द रायडर’ ही कादंबरी वाचण्यापूर्वी मन घट्ट करावं. ती छोटी आहे, 1978 ची, फ्रान्समधल्या एकाच शर्यतीची, आणि तिचे टप्पे किलोमीटरवर मोजलेले. सुरुवातीलाच नायक शर्यतीची तयारी करताना आसपासच्या बिनशर्यती माणसांकडे पाहतो आणि त्यांच्या रिकाम्या आयुष्यांनी हादरतो. ही माणसं म्हणजे आपण. रागावून पुस्तक मिटू नये. दोन दाणे तोंडात टाकावेत आणि चढ सुरू करावा. सायकलवर बसलेल्याच्या डोक्यात काय चालतं, हे इतक्या खरेपणाने दुसरं कोणी लिहिलेलं आम्हाला माहीत नाही. किलोमीटरवाल्या पुस्तकांविरुद्ध वर जो नियम सांगितला, त्याला हा एक अपवाद.

देखभालीसाठी जेरोम के. जेरोम यांचं ‘थ्री मेन ऑन द बमेल’ (1900) हाताशी ठेवावं. त्यात एक हौशी मित्र दुसऱ्याच्या धडधाकट सायकलचं ओव्हरहॉलिंग काढतो. पुढचं चाक काढतो, छरे घरंगळतात, दोघे जमिनीवर रांगत ते गोळा करतात. हा उतारा वाचून झाल्यावर घरातले पाने आणि स्क्रूड्रायव्हर आपोआप कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. डबलसीट जोडप्यांनी त्याच पुस्तकातली हॅरिसची हकिगत एकत्र वाचावी : खडबडीत रस्ता आला म्हणून तो बायकोला घट्ट बस म्हणतो, ती उडी मार असं ऐकते, आणि हा स्वारी पुढे घेऊन जातो.

उत्तेजकांच्या प्रकरणात सापडलेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचं आत्मचरित्र कपाटात कुठे ठेवावं, याबद्दल मतभेद आहेत. 2013 मध्ये सिडनीतल्या एका वाचनालयात पाटी झळकली की त्याची पुस्तकं आता कादंबऱ्यांत हलवली जातील. ती कोणाची तरी थट्टा होती, असा खुलासा नंतर झाला. आम्ही खुलासा वाचला, पुस्तक हलवलेलंच ठेवलं.

दुष्परिणामांविषयी प्रामाणिकपणे सांगणं भाग आहे. फ्लॅन ओब्रायन यांच्या ‘द थर्ड पोलिसमन’मध्ये एक हवालदार शास्त्र समजावतो : खडबडीत रस्त्यावर सतत सायकल चालवली की माणसाचे अणू सायकलीत आणि सायकलीचे माणसात जातात. गावचा पोस्टमन अशाने एकाहत्तर टक्के सायकल झालेला आहे. कादंबरी 1940 पर्यंत लिहून झाली होती, छापली गेली 1967 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. आता हेच शास्त्र वाचकाला लावावं. रोज दोन तास वेताच्या खुर्चीत बसून जग फिरणाऱ्याची टक्केवारी काय असेल? दारावरची बेल वाजली आणि उठावंसं वाटलं नाही, पाहुणे आपल्या हातावर हात टेकून बसू लागले, तर एक आठवडा कविता वाचाव्यात.

शेवटी व्यवहार. इतकं वाचन झालं की माणूस चढांविषयी अधिकाराने बोलू लागतो, आणि मग लग्नकार्यात कोणीतरी खरा सायकलवाला गाठतोच. “रविवारी पहाटे सिंहगडला निघतोय, येताय का?” असं तो विचारील. घाबरू नये. क्राबेच्या घाटात अडकलोय, मोठा चढ अजून बाकी आहे, असं खरं तेच सांगावं. “तुमची सायकल कुठली?” असं विचारलं तर “आर्मस्ट्राँग कॅडेट, गिअर काढून टाकलेत” असं शांतपणे म्हणावं. तो गप्प होतो. त्यातूनही बघायला येतो म्हणाला, तर ती एका मित्राने ओव्हरहॉलिंगला नेली आहे, छरे अजून सापडताहेत, असं सांगावं. जेरोम वाचलेला असेल तर तो तिथेच आपला पाठीराखा होतो. नसेल, तर त्याला पुस्तक द्यावं. परत मिळेपर्यंतचे सगळे रविवार मोकळे.