खिळ्याचे वैरी

आमच्या लोह्यात कुणाला भिंतीवर काही लावायचं असलं की मामांना निरोप जातो. नाही गेला तरी मामा येतात. ड्रिलची घरघर कानावर पडली की हातातला चहाचा कप तसाच ठेवून ते आवाजाच्या दिशेनं निघतात. चिकटवून भागत असताना भिंतीला भोक पाडणारा माणूस त्यांच्या लेखी सर्दीसाठी पोट फाडणारा डॉक्टर.

मार्गशीर्षात जवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार, कुस्त्या, तमाशाचे फड. घोडा विकायला निघालेला माणूससुद्धा आधी स्वतःची दाढी करून घेतो, म्हणून आमच्या कटिंगवाल्यानं यात्रेच्या तोंडावर सहा बाय चारचा आरसा आणला. ड्रिलवाला भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करतच होता, तेवढ्यात मामा दारात.

"कामून पाडूलालास रे भोकं?"

आत येऊन त्यांनी भिंतीवर नख ओढलं. डिस्टेंपरचा पोपडा सुटून तळहातावर आला. तो सगळ्यांना दाखवत म्हणाले, "आरसा चिकटंल कशाला? ह्या रंगाला. रंग कशाला चिकटलाय? चुन्याला. आन् चुना? कशालाच न्हाई. समदं मिळून येतंय खाली."

मामांची खरी अडचण ही की त्यांचं बरोबर असतं. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला चहा पाजून वाटेला लावता येतं, यांना कसं लावणार?

दुकानात आधीच आणून ठेवलेली सिलिकॉनची ट्यूब त्यांनी उघडून हुंगली. आंबूस वास आला. "ही सिंकची. ह्यातलं आम्ल आरशाच्या पाठीवरची चांदी खातंय. गिऱ्हाईक गुळगुळीत दाढी करून उठंल, आन् आरशात गालावर काळे डाग बघून तुलाच शिव्या घालंल." न्यूट्रल सिलिकॉन आणायला पोराला पिटाळलं. कुणीतरी फेविकॉल सुचवला, तेव्हा मामांनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. "एकोणसाठ सालापासून हाय फेविकॉल, पण ते लाकडाचं. पाणी उडालं तर सुकतंय. काचंच्या मागून पाणी उडणार कुठून?"

मग रंग पार सिमेंटपर्यंत खरवडला, धूळ पुसली, प्रायमर वाळवला. आरशाच्या पाठीवर मामांनी सिलिकॉनच्या उभ्या ओळी ओढल्या. आडव्या नाहीत, गोल तर नाहीतच. गोलात हवा कोंडते आणि आतलं सिलिकॉन ओलंच राहतं. पाच मिलिमीटर जाडीची काच, म्हणजे वजन अठ्ठावीस किलोच्या घरात. चौघांनी आरसा उचलला. मामा लांब उभे राहून "डावीकडं, अजून डावीकडं, आरं तुझ्या डावीकडं" करत होते.

इथं ड्रिलवाल्यानं तोंड उघडलं : एवढ्या वजनाला खाली अॅल्युमिनियमची पट्टी हवी. हवीच असते, मामांनाही ते पक्कं ठाऊक. पण पट्टीला स्क्रू लागतात आणि स्क्रूला भोक. बराच वेळ कुणी बोललं नाही. आरसा धरलेल्या चौघांचे हात लटपटायला लागले तेव्हा मामा "काय करायचं ते करा" म्हणून बाहेर गेले आणि घरघर थांबेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

परत आले ते थेट खुर्चीत बसले. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं धरतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. त्यात थंडीचे कोरडे दिवस. म्हणजे हात लावायचा नाही, दार आपटायचं नाही, आणि दुकानात एकच असलेली ती खुर्ची मामांनी सोडायची नाही. संध्याकाळपर्यंत चहाची उधारी ट्यूबच्या किमतीपुढे गेली. दाढीला आलेली माणसं मामांकडून चुना, प्रायमर आणि आम्ल यांविषयी ऐकून तशीच खुरट्या दाढीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुन्हा खुर्चीत. कटिंगवाल्यानं शेवटी त्यांच्याच गालाला साबण लावला. दाढी चालू असताना मामांनी आरशात एकदाही स्वतःचं तोंड पाहिलं नाही. नजर सगळा वेळ खालच्या पट्टीवर. दाढी उरकली, तसं कटिंगवाल्यानं मजुरी पुढं केली.

"मला कशाला देतूस?" मामा टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले. "ड्रिलवाल्याला दे. आरसा त्येनंच धरलाय."

नोटा मात्र त्यांनी दोनदा मोजून घेतल्या.